मुलाला इंग्रजी येतं, मग तो ‘इंग्लिश लर्नर’ कसा?

पत्र :

ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत आलो. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत आहे. भारतात पहिलीपासून इंग्रजी माध्यमात होता, वर्गात कायम पहिल्या पाचात. इथे शाळेत नाव घालताना एका फॉर्मवर घरात कोणती भाषा बोलता असं विचारलं होतं. मी सरळ ‘मराठी’ लिहिलं. पंधरा दिवसांत त्याला ‘विडा’ नावाच्या संस्थेच्या इंग्रजीच्या चाचणीला बसवलं आणि घरी पत्र आलं की तो ‘इंग्लिश लर्नर’ आहे, म्हणजे इंग्रजीसाठी मदत लागणारा विद्यार्थी. ऐकणं ५.०, बोलणं २.०, वाचन ३.५, लेखन ३.०. आता रोज अर्धा तास त्याला वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत नेतात. तो म्हणतो, ‘मला ढ मुलांत बसवतात.’ ओळखीचे म्हणतात, फॉर्मवर ‘इंग्रजी’ लिहून मोकळं व्हायचं होतं. नवरा म्हणतो, नकाराची सही करू आणि त्याला यातून काढू. घरात मराठी बोलणं बंद करावं का, हाही प्रश्न आहेच.
– फॉर्म भरून पस्तावलेली आई

उत्तर :

आधी तुमच्या पस्तावण्याचं बघू, कारण ते चटकन मिटण्यासारखं आहे. तुम्ही बरोबर लिहिलंत. तो फॉर्म म्हणजे परीक्षा नव्हे. घरात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा आहे असं दिसलं की शाळेने त्या मुलाचं इंग्रजी एकदा तपासून बघायचं, एवढंच त्याचं काम. व्हिसाशी त्याचा काही संबंध नाही. घरात मराठी असून चाचणीत पास होणारी आणि कुठलाही शिक्का न लागता सुटणारी मुलं मी दर वर्षी बघते. खोटं लिहिलं असतंत तर चाचणी टळली असती, पण जे कच्चं आहे ते कच्चंच राहिलं असतं, फक्त ते कुणाला दिसलं नसतं. मग दोन वर्षांनी विज्ञानाचा धडा डोक्यावरून गेला की शिक्षक म्हणणार, ‘हुशार आहे, पण आळशी.’

हा फॉर्म आला कुठून, तेही सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी कुटुंबांतली सुमारे १८०० मुलं इंग्रजी कळत नसताना नुसतीच वर्गात बसवलेली होती. त्यांना जास्तीची मदत मिळत नव्हती. १९७४ साली ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. ज्याला भाषाच कळत नाही, त्याच्यासाठी ते शिक्षण नव्हेच. हा निकाल १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर उभा होता. तेव्हापासून अशी मुलं शोधणं आणि त्यांना मदत देणं हे शाळेचं कर्तव्य झालं. वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालकांना कळवायचं, हेही कायद्यातच आहे. तुमच्या घरी आलेलं पत्र त्या नियमातलं आहे. ते तुमच्या मुलावर आलेलं बालंट नव्हे.

आता आकडे. मी बारा वर्षं अशा मुलांना हेडफोन घालून त्या पडद्यासमोर बसवत आलेय, म्हणून जरा तपशिलात जाते. (‘विडा’ हे नाव ऐकून एका आजोबांनी मला विचारलं होतं, ‘हा कुणी उचलायचा?’ त्या मानाने संस्थेच्या नावाची मूळ कथा रुक्ष आहे. विस्कॉन्सिन, डेलावेअर आणि आर्कान्सा या राज्यांच्या आद्याक्षरांतून ते जमवलेलं होतं.)

विडाच्या मोजपट्टीवर सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर नुकतंच आलेलं, एखाद्या शब्दाने काम भागवणारं मूल असतं. सहाव्या पायरीवरच्या मुलाचं इंग्रजी शाळेच्या कामापुरतं तरी इंग्रजीभाषक वर्गमित्रांपेक्षा वेगळं काढता येत नाही. तुमच्या मुलाचं ऐकणं पाचवर आणि बोलणं दोनवर. एकाच मुलात तीन पायऱ्यांचा फरक! ज्याला इंग्रजी ‘येत नाही’ त्याचं ऐकणं पाचवर जात नाही. म्हणजे भाषा आत आहे, ती बाहेर पडलेली नाही. बाहेर का पडली नाही, हे त्या खोलीत काय घडतं ते बघितलं की कळतं.

बोलण्याच्या भागात समोर माणूस नसतो. पडद्यावर चित्रं येतात, एक आवाज प्रश्न विचारतो. आधी पडद्यावरचा एक काल्पनिक विद्यार्थी नमुन्याचं उत्तर देतो, ते चांगलं चार-पाच वाक्यांचं असतं. मग ठोका वाजतो आणि मुलाने मायक्रोफोनमध्ये बोलायचं असतं. समजा, झाडाला पाणी कसं मिळतं त्याची चित्रं आहेत आणि विचारलंय, काय होतं ते समजावून सांग. भारतातून आलेला हुशार मुलगा म्हणतो, ‘द रूट्स अ‍ॅब्झॉर्ब वॉटर.’ आणि गप्प बसतो. उत्तर शंभर टक्के बरोबर! त्याच्या आधीच्या शाळेत यावर पूर्ण गुण पडले असते. प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायचं, फापटपसारा नको, मोठ्यांसमोर जास्त बोलायचं नाही, हेच तर आपण शिकवलेलं असतं. पण इथे उत्तर बरोबर आहे का हे तपासतच नाहीत. मुळांनी घेतलेलं पाणी पुढे कुठे जातं, आधी काय, नंतर काय, कशामुळे काय, हे तो स्वतःच्या वाक्यांत जोडून सांगू शकतो का, त्या नमुन्याच्या तोडीचं बोलतो का, हे तपासतात. एका वाक्याला दोनच मिळणार. त्याच्या उच्चारांची काळजी करू नका. बोलणं कळतंय ना, एवढं पाहिलं जातं, मराठी वळणाला गुण कापत नाहीत.

लेखनातही तेच, थोडं वेगळ्या रूपात. पाठ केलेली प्रश्नोत्तरं सुरेख अक्षरात लिहिणारा मुलगा ‘तुझं मत सांग आणि ते का ते पटवून दे’ म्हटल्यावर अडखळतो. सुटी वाक्यं येतात, पण ‘तरीही’, ‘त्यामुळे’, ‘याउलट’ अशा शब्दांनी ती एकमेकांत विणलेली नसतात. ‘ए’ आणि ‘द’ चुकतात, कारण मराठीत ही उपपदंच नाहीत. ती चूक सगळ्यात शेवटी जाते आणि तिने फारसं बिघडतही नाही. वाचनातले ३.५ नुकत्याच आलेल्या मुलाच्या मानाने ठीक आहेत.

म्हणून म्हणते, पत्रातला शिक्का बाजूला ठेवा आणि हे चार आकडेच बघा. ‘इंग्रजी माध्यम’ म्हणजे ज्या भाषेतून शिकवलं ती भाषा. ही चाचणी मोजते ती ज्या भाषेतून मूल स्वतः विचार मांडतं ती भाषा. दोन्हींत अंतर असतं, आणि ते भारतातून आलेल्या कितीतरी मुलांत दिसतं. अमेरिकेतच जन्मलेल्या, फडाफडा इंग्रजी बोलणाऱ्या मुलांतही दिसतं, फक्त उलट्या बाजूने. त्यांचं मैदानावरचं बोलणं झकास असतं आणि समाजशास्त्राच्या पानावर ती अडकतात. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हे दोन प्रकार वेगळे करून दाखवले: रोजच्या बोलण्याची भाषा आणि शिकण्याची भाषा. पहिली साधारण दोन वर्षांत जमते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात असं त्यांनी मांडलं. तुमचा मुलगा शून्यापासून निघालेला नाही, त्यामुळे त्याला इतकी वर्षं लागायचं कारण नाही. पण दिवाळीपर्यंत सुटेल अशी आशाही धरू नका.

चाचणीचीही बाजू घेऊन बसणार नाही. सुरुवातीला घेतात ती छोटी चाळणी असते, अर्ध्या-अर्ध्या पायरीने मोजणारी, जाडसर. देश बदलून महिना न झालेलं मूल, अनोळखी खोली, कानावर हेडफोन, आणि आयुष्यात पहिल्यांदाच यंत्राशी बोलायचं. काही मुलं त्या दिवशी तोंडच उघडत नाहीत. नवीन भाषेत शिरताना काही काळ नुसतं ऐकत राहणारी मुलंही असतात, आणि ती गप्प असतानाही शिकत असतात. त्यामुळे बोलण्याचे ते २.० मी थोडे उदार मनाने वाचेन. घरी किंवा वर्गात तो इंग्रजीत सलग बोलतो आणि चाचणीत फक्त लाजला असं वाटत असेल, तर शाळेला लेखी विचारा की फेरतपासणीचा काही नियम आहे का. काही राज्यांत आहे. मात्र चारही आकडे बघता तुमच्या बाबतीत निकाल उलटेल असं मला वाटत नाही. लेखनाचे ३.० काही लाजण्यामुळे आलेले नाहीत.

आता नवऱ्याच्या सहीचं. नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहे, शाळा अडवू शकत नाही. पण त्या सहीने काय जातं आणि काय राहतं, ते त्यांना नीट सांगा. मदत जाते. शिक्का राहतो! जोवर तो ठरलेल्या पातळीला पोचत नाही तोवर कागदोपत्री ‘इंग्लिश लर्नर’च असतो आणि दर वर्षीची मोठी चाचणी त्याला द्यावीच लागते. म्हणजे परीक्षा तीच आणि शिकवणी बंद. हा सौदा मला तरी कळत नाही.

त्यापेक्षा वेगळं भांडण भांडा. तो अर्धा तास कोणत्या तासातून काढतात, हे विचारा. गणितात तो पुढे असेल आणि तिथून काढत असतील तर एक वेळ चालेल. पण विज्ञानाच्या प्रयोगातून किंवा समाजशास्त्रातून उठवत असतील, तर जी भाषा कमी आहे ती जिथे मिळायची तिथूनच त्याला बाहेर नेताहेत. काही शाळांत ईएल (म्हणजे इंग्लिश लर्नर मुलांना शिकवणारी) शिक्षिका मुलाला बाहेर न नेता वर्गातच त्याच्या शेजारी येऊन बसते. आहे का तशी सोय, तेही विचारा. त्या अर्ध्या तासात काय चालतं हेही विचारा. तुमच्या मुलाला रंगांची आणि प्राण्यांची नावं शिकवत असतील, तर ऐकण्याचे ५.० कुणी वाचलेच नाहीत असं समजायचं आणि तो कागद समोर ठेवून तसं म्हणायचं. त्याला सलग बोलायला आणि बाजू मांडून लिहायला शिकवणारा गट हवा. हे मागणं आगाऊपणाचं नाही, तुमच्या हक्काचं आहे. बोलताना दुभाषा हवा असेल तर तो देणंही शाळेचंच काम आहे. मुलाला दुभाषा करू नका, स्वतःबद्दलची बैठक कोण नीट भाषांतरित करेल?

घरातल्या मराठीचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बंद करू नका. मुलाला कमी पडतंय ते ‘सलग सांगणं’, आणि ते कुठल्याही भाषेत शिकता येतं. कारण देणं, क्रम लावणं, समोरच्याला पटवणं हे मराठीत जमलेलं मूल ते इंग्रजीत घेऊन जातं. दोन भाषांच्या मुळाशी असलेला हा सामाईक साठा कमिन्स यांनीच मांडलाय. तेव्हा संध्याकाळी ‘शाळा कशी होती?’ ‘छान’ यावर थांबू नका. आज कुणाचं भांडण झालं, कशावरून झालं, चूक कुणाची, तुला तसं का वाटतं, आणि त्या दुसऱ्या मुलाने काय म्हटलं असतं? भरपूर बोलू द्या, मराठीत. मध्ये वाक्य सुधारू नका. तुम्ही दोघांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत ‘ईट युवर डिनर’वर संसार चालवलात, तर त्याला या अशा बोलण्याची जागाच उरणार नाही. इंग्रजीचे सहा-सात तास शाळा देतेच आहे. तुमच्याकडे जे आहे ते शाळेकडे नाही.

‘ढ मुलांत बसवतात’ यावर त्याला समजुतीच्या गोष्टी सांगू नका, आकडे दाखवा. दहा वर्षांच्या मुलाला ते कळतात. ‘हे बघ, ऐकण्यात तू पाचवर आहेस. बोलण्यात दोनवर, कारण तू एकच वाक्य बोललास. पुढच्या वेळी चार बोल.’ माझ्या एका विद्यार्थिनीला एवढं सांगितल्यावर ती चिडून म्हणाली होती, ‘मग आधी का नाही सांगितलं, जास्त बोलायचं असतं ते?’ तिचं बरोबर होतं. आणि हो, त्या खोलीतल्या इतर मुलांनाही ‘ढ’ म्हणू देऊ नका. त्यांतली काही त्यांच्या भाषेत कविता करत असतील.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगून ठेवते. पुढे कधी कुणी म्हणालं की याला शिकण्याचीच काही अडचण दिसते, तपासून घेऊ, तर घाबरून सही करू नका आणि घाबरून नकारही देऊ नका. तपासणी मराठीतूनही व्हावी, असं म्हणा. १९७० साली कॅलिफोर्नियात ‘डायना’ खटला झाला. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमत्ता इंग्रजीतून मोजून त्यांना मंदबुद्धी ठरवलं होतं. आज कायदा स्पष्ट आहे. मूल मागे पडण्याचं मुख्य कारण इंग्रजी कमी असणं हेच असेल, तर त्याला अपंगत्व ठरवता येत नाही. उलट खरी अडचण असलेलं मूलही ‘भाषेमुळे असेल’ म्हणून वर्षानुवर्षं राहून जातं, तेही मी बघितलंय. घरात मराठी बोलताना, गोष्ट सांगताना तो अडखळत नसेल, तर सध्या तुम्हाला काळजीचं कारण नाही.

यातून बाहेर कधी पडेल? साधारण जानेवारी ते मार्चच्या सुमारास मोठी वार्षिक चाचणी होईल. तिच्या एकूण गुणांत वाचन आणि लेखन प्रत्येकी ३५ टक्के, ऐकणं आणि बोलणं प्रत्येकी १५ टक्के धरत आले आहेत. म्हणजे बोलण्याच्या दोनाने तुमचं मन खट्टू झालं असलं तरी निकाल मुख्यतः वाचन-लेखनावर ठरतो. किती गुणांवर सोडायचं, हे राज्य ठरवतं. आणि ओळखीच्यांचे अनुभव ऐकताना ते कुठल्या राज्यातले आहेत ते आधी विचारा. कॅलिफोर्निया, टेक्सस आणि न्यूयॉर्क यांच्या स्वतःच्या वेगळ्या चाचण्या आहेत, तिथले आकडे तुमच्या आकड्यांशी जुळवता येत नाहीत. सुटल्यावरही शाळा त्याच्या प्रगतीवर नजर ठेवते, त्यामुळे घाईने सोडला आणि वाऱ्यावर सोडला असं होऊ नये.

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा, याने शहाणे पालकही फसतात. पायरी ही इयत्तेच्या मानाने काढलेली असते. चौथी-पाचवीचा एक गट, सहावी ते आठवीचा दुसरा. पुढच्या वर्षी तो सहावीत जाईल, चाचणी अवघड होईल, आणि वर्षभर शिकूनही पायरी तिथेच राहिलेली किंवा घसरलेली दिसू शकते. तेव्हा पायरीच्या शेजारी छापलेला तीन आकडी गुणांक बघा. तो सगळ्या इयत्तांना एकाच पट्टीवर मोजतो, आणि मूल पुढे सरकलं की नाही हे तोच सांगतो. शाळेच्या बैठकीत त्याबद्दल आपणहून कुणी बोललं तर माझ्यातर्फे आभार माना.

वसंतात तो निकाल हातात आला की मला पुन्हा लिहा. ‘पास की नापास’ नको, चारही रकान्यांतले तीन आकडी गुणांक कळवा, आणि बोलण्याचा सगळ्यात आधी.